‘संकरित’, ‘विद्युत’, ‘डिझेल’: मोटारींच्या मासिक विक्रीचे शब्द

प्रश्न

मोटारींच्या मासिक विक्रीचे आकडे मराठीत समजावून सांगणारे एक टिपण मी लिहीत आहे. त्याचे पहिले वाक्य असे उतरले आहे: “गेल्या महिन्यात संकरित वाहनांच्या विक्रीत २० टक्के वाढ झाली, विद्युत वाहनांचा कल स्थिर राहिला आणि डिझेलला ओहोटी लागली.” वाक्य कानाला बरे वाटते. परंतु एका सहकाऱ्याने ते वाचून विचारले की संकरित म्हणजे नेमक्या कोणत्या गाड्या, वीस टक्के कशाच्या तुलनेत, आणि कल स्थिर राहतो म्हणजे काय होते. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला त्या वाक्यात बोट ठेवून दाखवता आले नाही. जाणकारांनी शब्दागणिक मत द्यावे, ही विनंती.

पहिला प्रतिसाद

‘संकरित’पासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. ‘संकर’ हा शब्द ‘सम्’ या उपसर्गासह ‘कॄ’ म्हणजे पसरणे, विखुरणे या धातूपासून आला आहे. एकत्र मिसळणे हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत मात्र तो शब्द सजीवांच्या वंशाशी घट्ट जोडला गेला आहे. संकरित बियाणे, संकरित गाय आणि जुन्या लेखनातला ‘वर्णसंकर’, या सर्वांत दोन कुळांपासून झालेल्या तिसऱ्या कुळाची कल्पना आहे. योगायोग असा की इंग्रजी शब्दाचे मूळही तसेच आहे. लॅटिनमध्ये ‘हिब्रिडा’ म्हणजे पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांचे पिल्लू. त्यामुळे व्युत्पत्तीच्या तराजूत ‘संकरित’ हा प्रतिशब्द चुकीचा ठरत नाही.

अडचण अर्थछटेची आहे. संकरित बियाण्यात दोन्ही मूळ वाणांचे गुण एकजीव झालेले असतात आणि ते वेगळे काढता येत नाहीत. मोटारीत तेलावर चालणारे इंजिन आणि विजेवर चालणारी मोटर ही दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी, आपापले काम वाटून घेत असतात. म्हणून मला ‘हायब्रीड मोटार’ हेच रूप जास्त प्रामाणिक वाटते. काही जण ‘दुहेरी इंधनाची गाडी’ असे लिहितात, ते मात्र कटाक्षाने टाळावे. दुहेरी इंधन म्हणजे एकाच इंजिनात पेट्रोल किंवा गॅस यांपैकी कोणतेही जाळता येणे. त्या गाडीत विजेवर चाक फिरवणारे काहीही नसते.

जाता जाता ऱ्हस्व-दीर्घाबद्दल. ‘हायब्रिड’ की ‘हायब्रीड’? अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ लिहावा, या मराठीच्या नियमाने ‘तिकीट’ जसे झाले तसे ‘हायब्रीड’ व्हायला हवे, आणि मी तसेच लिहितो. मात्र हाच नियम पुढे रेटला तर ‘इलेक्ट्रीक’ लिहावे लागेल, आणि ते लिहिण्याची माझी हिंमत होत नाही. परक्या शब्दांच्या बाबतीत नियमापेक्षा डोळ्यांची सवय प्रबळ ठरते, एवढेच त्यावरून म्हणता येते.

दुसरा प्रतिसाद

माझा रोजचा संबंध आकड्यांच्या तक्त्यांशी आहे, म्हणून वरच्या विवेचनाला तक्त्याच्या बाजूने पुरवणी जोडते. मराठीत ‘संकरित’ लिहा किंवा ‘हायब्रीड’, त्या एका शब्दाखाली किमान तीन निरनिराळी यंत्रे येतात. पहिली ‘माइल्ड’, जिला ‘सौम्य हायब्रीड’ म्हणायला हरकत नाही: तिच्यातली विजेची यंत्रणा, जी बहुधा ४८ व्होल्टची असते, इंजिनाला हातभार लावते, पण सहसा एकटीने गाडी ओढत नाही. दुसरी पूर्ण हायब्रीड, जी काही अंतर केवळ विजेवर जाऊ शकते, पण ती वीज गाडीतच, इंजिनापासून आणि ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या ऊर्जेतून तयार होते. १९९७च्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीला आलेली टोयोटाची प्रियस या प्रकारातली. तिसरी ‘प्लग-इन’, जिची मोठी बॅटरी बाहेरच्या विजेवर भरून घेता येते.

आता गंमत पाहा. युरोपीय मोटार उत्पादकांच्या संघटनेच्या मासिक तक्त्यात सौम्य आणि पूर्ण हायब्रीड एका रकान्यात असतात आणि प्लग-इनचा रकाना वेगळा असतो. ब्रिटनमधल्या उत्पादक संघटनेच्या तक्त्यात सौम्य हायब्रीड गाड्या त्यांच्या इंजिनाप्रमाणे पेट्रोल किंवा डिझेलमध्येच धरल्या जातात. म्हणजे ४८ व्होल्टची यंत्रणा बसवलेली एकच डिझेल गाडी एका तक्त्यात ‘हायब्रीड’ वाढवते आणि दुसऱ्या तक्त्यात ‘डिझेल’ टिकवून धरते. २०२४ मध्ये युरोपीय संघातल्या नव्या मोटारींत हायब्रीडचा वाटा सुमारे ३१ टक्के होता, हा आकडा वाचताना त्यात सौम्य हायब्रीड मिसळलेल्या आहेत हे ठाऊक नसेल, तर लोक विजेकडे धावत सुटले आहेत असा समज होतो. त्यातल्या कित्येक ग्राहकांनी, माझ्या मते, पेट्रोलची गाडीच घेतली आहे. शब्द तेवढा नवा मिळाला.

चीनमध्ये याच्या उलट घडते. तिथल्या ‘नव-ऊर्जा वाहन’ या वर्गात पूर्ण विद्युत, प्लग-इन हायब्रीड आणि इंधनघटावर (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्रणेवर) चालणाऱ्या, अशा तिन्ही गाड्या येतात. जुलै २०२४ मध्ये तिथल्या प्रवासी मोटारींच्या किरकोळ विक्रीत या वर्गाने पहिल्यांदा निम्मा टप्पा ओलांडला, तेव्हा “चीनमध्ये निम्म्या गाड्या विजेच्या” असे वाक्य सर्रास फिरले. ते वाक्य खोटे होते. निम्म्या गाड्या त्या वर्गातल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच प्लग-इन होत्या, ज्यांत इंजिनही असते आणि इंधनाची टाकीही असते.

प्रश्नकर्त्याकडून

आपण दोघांनी दिलेल्या माहितीबद्दल मनापासून आभार. यातून एक नवाच प्रश्न निघाला. माझ्या तक्त्याचे शीर्षक ‘इंधनप्रकारानुसार विक्री’ असे आहे. वीज हे इंधन म्हणायचे का?

पहिला प्रतिसाद, पुढे चालू

शब्दाच्या पोटात शिरलो तर म्हणता येणार नाही. ‘इंधन’ हा शब्द ‘इन्ध्’ म्हणजे पेटवणे या धातूपासून आला आहे. ‘समिधा’ही त्याच धातूची. जे पेटते ते इंधन. बॅटरीवरच्या गाडीत काहीच पेटत नाही, किंबहुना पेटू नये यासाठीच सगळा खटाटोप असतो. शिवाय बाहेरच्या विजेवर भरता न येणाऱ्या हायब्रीड गाडीत बाहेरून येणारी सगळी ऊर्जा पेट्रोल किंवा डिझेल हीच असल्यामुळे ‘इंधनप्रकार’ म्हटले तर तिला स्वतंत्र रकाना मिळण्याचे कारणच उरत नाही. ‘चालनप्रकारानुसार विक्री’ असे शीर्षक द्यावे, म्हणजे गाडी कशाने चालवली जाते एवढेच सांगितले जाईल आणि सगळे रकाने त्याखाली बसतील.

‘विद्युत वाहन’ या शब्दाबद्दलही थोडे. संस्कृत संधिनियमाने जोडून लिहायचे तर ‘विद्युद्वाहन’ होईल, जे कोणी उच्चारणार नाही. सुटे ‘विद्युत वाहन’ लिहिले की ‘विद्युत’ हे नाम विशेषणाच्या जागी बसते, आणि मराठीला ते खपते. ‘वैद्युत’ हे काटेकोर विशेषण पाठ्यपुस्तकाबाहेर फारसे दिसत नाही. ‘विजेवरची मोटार’ हा प्रयोग मला सर्वांत जिवंत वाटतो, पण तक्त्याच्या रकान्यात ‘इलेक्ट्रिक’ लिहिले तरी आकाश कोसळणार नाही. मात्र ‘विद्युतीकृत’ या शब्दापासून सावध राहावे. ‘इलेक्ट्रिफाइड’ हा मूळ इंग्रजी शब्द उत्पादकांना प्रिय आहे, कारण त्यात सौम्य हायब्रीडपासून पूर्ण विद्युत गाडीपर्यंत सगळे सामावते. त्याचे भाषांतर ‘इलेक्ट्रिक’ असे केले की अर्धा तक्ता खोटा होतो.

दुसरा प्रतिसाद, पुढे चालू

‘चालनप्रकार’ मान्य. आता ‘डिझेल’कडे वळते. रुडॉल्फ डीझेल यांनी १८९२ मध्ये आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याची यशस्वी चाचणी झाली. आडनाव आधी इंजिनाचे झाले आणि मग त्यात जळणाऱ्या तेलाचे. मराठीत मात्र ‘डिझेल’ म्हटले की प्रथम तेलच डोळ्यांपुढे येते. त्यामुळे ‘डिझेलच्या विक्रीत घट’ हे शीर्षक तेल कमी खपले असे सांगते. मोटारींची विक्री घटली म्हणून तेलाचा खप त्याच महिन्यात घटत नाही, कारण जुन्या गाड्या आणि मालमोटारी चालूच असतात. ‘डिझेल मोटारींची विक्री’ असे पूर्ण लिहावे. ‘वाहन’ हा शब्दही येथे सैल आहे, कारण त्यात दुचाकीपासून मालमोटारीपर्यंत सर्व काही येते.

‘ओहोटी’बद्दल माझा आक्षेप वेगळा आहे. ओहोटीनंतर भरती येते. ‘उतरती कळा’ म्हटले तरी चंद्र पुन्हा वाढतो. युरोपीय संघात २०१५ मध्ये नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरात फोक्सवॅगनचे उत्सर्जन चाचणीतले गैरप्रकार उघडकीस आले आणि २०२४ पर्यंत हा वाटा सुमारे १२ टक्क्यांवर उतरला. इतक्या वर्षांच्या या चित्राला ‘घसरण’ म्हणावे. एका महिन्यापुरते बोलायचे असेल तर ‘घट’ पुरे.

तिसरा प्रतिसाद

चर्चा उशिरा वाचली, क्षमस्व. ‘मासिक वाढ’ या शब्दाकडे कोणीच लक्ष दिलेले नाही, म्हणून लिहितो. ‘मासिक वाढ’ म्हणजे आधीच्या महिन्यापेक्षा वाढ, की दर महिन्याला जाहीर होणारी, पण गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करणारी वाढ? दोन्ही अर्थ प्रचलित आहेत. ब्रिटनमध्ये दर वर्षी १ मार्च आणि १ सप्टेंबरला नोंदणी क्रमांकातली वर्षखूण बदलते, त्यामुळे ग्राहक फेब्रुवारीत थांबतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे सुमारे ८५ हजार नव्या मोटारी नोंदल्या गेल्या आणि मार्चमध्ये सुमारे ३ लाख १८ हजार. या दोन आकड्यांवरून ‘मासिक वाढ’ काढणारा माणूस गणितात चुकत नाही, अर्थ लावण्यात चुकतो. ‘वार्षिक आधारावर’ हा कृत्रिम प्रयोगही नको; ‘गेल्या वर्षीच्या मार्चपेक्षा’ एवढे म्हटले की काम भागते.

‘कल’ म्हणजे एका बाजूला झुकणे. सूर्य कलतो, मनाचा कल असतो. झुकण्यासाठी किमान काही महिन्यांची रांग लागते. एका बिंदूला कल नसतो. त्यामुळे ‘कल स्थिर राहिला’ याचा अर्थ आकडा स्थिर राहिला, की चढ आहे त्याच वेगाने चालू राहिला, हे कळत नाही. नॉर्वेत १ जानेवारी २०२३ पासून ५ लाख क्रोनरवरच्या किमतीच्या भागावर विद्युत मोटारींनाही मूल्यवर्धित कर लागू झाला. लोकांनी आधीच खरेदी उरकली. डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे ३९ हजार नव्या मोटारी नोंदल्या गेल्या होत्या, जानेवारीत दोन हजारांहूनही कमी, आणि विद्युत मोटारींचा वाटा ८० टक्क्यांच्या वरून दोन तृतीयांशांवर आला. त्या महिन्यात ‘कल फिरला’ असे लिहिणारे तोंडघशी पडले, कारण २०२४ या पूर्ण वर्षात तिथला विद्युत वाटा सुमारे ८९ टक्के होता. जानेवारीत पडला होता तो खड्डा. खड्ड्याला खड्डाच म्हणावे.

टक्क्यांबाबत एक उदाहरण. समजा, हायब्रीडचा वाटा १० टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेला. तो २ टक्क्यांनी वाढला असे कोणी म्हणेल, कोणी म्हणेल २० टक्क्यांनी. ‘टक्केबिंदू’ (दोन टक्केवारींमधला सरळ फरक) हा शब्द उपलब्ध आहे, पण वाचक त्यावर अडखळतो. दोन्ही टोके लिहून टाकणे सोपे. वाटा आणि संख्या यांतही गल्लत नको, कारण एकूण बाजार आकसला तर संख्या घटूनही वाटा वाढतो.

राहिला ‘विक्री’ हा शब्द. कारखान्यातून विक्रेत्याकडे गेलेली गाडी, ग्राहकाने घेतलेली गाडी आणि सरकारी दफ्तरात नोंदलेली गाडी, या तिन्हींना विक्री म्हटले जाते. पहिलीला ‘रवानगी’ किंवा ‘घाऊक विक्री’, दुसरीला ‘किरकोळ विक्री’, तिसरीला ‘नोंदणी’. जर्मनीत विक्रेता गाडी स्वतःच्या नावावर एका दिवसापुरती नोंदवतो, त्याला तिथे ‘दिवसाची नोंदणी’ अशा अर्थाचा खास शब्द आहे. ती गाडी आकड्यात येते, ग्राहकाच्या दारात नाही.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांच्या सूचना लक्षात घेऊन वाक्य पुन्हा लिहिले आहे. त्यातले आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत: “मार्चमधील नव्या मोटारींच्या नोंदणीत हायब्रीड मोटारींचा (सौम्य आणि पूर्ण, प्लग-इन वगळून) वाटा गेल्या वर्षीच्या मार्चमधील १० टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेला, विद्युत मोटारींचा वाटा जवळपास तेवढाच राहिला आणि डिझेल मोटारींचा घटला.” वाक्य लांबले, पण सहकाऱ्याचे तिन्ही प्रश्न आता सुटतात असे वाटते.

दुसरा प्रतिसाद, पुढे चालू

वाक्य चांगले झाले आहे. फक्त ‘जवळपास तेवढाच’च्या जागीही दोन आकडे द्यावेत, आणि सौम्य डिझेल हायब्रीड कोणत्या रकान्यात धरल्या आहेत ते तक्त्याच्या तळटीपेत लिहावे, नाहीतर शेवटच्या ‘घटला’ या क्रियापदाचा कर्ता नक्की कोण, हे पुन्हा विचारले जाईल.