हॉटेलातला अर्धा ग्लास वाचवून उजनी धरण भरणार आहे का?

कोथरूडकर (धागाकर्ता)

उन्हाळा लागला की सोसायटीच्या लिफ्टमध्ये कागद चिकटतो: शॉवर नको, बादली घ्या. हॉटेलात वेटर अर्धाच ग्लास भरतो. होळी कोरडी खेळा. या उपदेशाचा मला आता वैताग आलाय. जरा हिशेब करू.

शहरात माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष. पाच माणसांच्या घराला वर्षाला अडीच लाख लिटर धरा. सुरू उसाला (हिवाळ्यात लावतात तो) पाटानं पाणी दिलं तर साधारण २५० सेंटिमीटर लागतं, म्हणजे एकरी एक कोटी लिटर. चाळीस घरांचं वर्षाचं पाणी एका एकरात! एकरी चाळीस टन ऊस आणि दहा टक्के उतारा (उसातून निघणारी साखर) धरला तर किलोभर साखरेमागे अडीच हजार लिटर. मी दात घासताना नळ बंद केला काय नि चालू ठेवला काय?

दुसरं म्हणजे, घरात वापरलेलं पाणी नाहीसं होत नाही. त्यातलं ऐंशी टक्के ड्रेनेजमधून बाहेर पडतं, शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. पिकानं प्यायलेलं हवेत जातं. वापर आणि खप यांत फरक आहे. तेव्हा उपदेश करायचाच तर नळाला नको, पाटाला करा.

टेलचा बागायतदार

परत येतं म्हणता ना? येतं की. आमच्याच दारात येतं. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. उन्हाळ्यात या भिगवणला, बॅकवॉटर बघा. वर हिरवी साय धरलेली असते, हात घातला की बोटांना शेवाळ चिकटतं, मोटरीचा फूटव्हॉल्व्ह दर थोड्या दिवसांनी काढून घासावा लागतो. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठची उपसा विहीर) बेबी कालव्यात पुण्याचं साडेसहा टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) सांडपाणी शुद्ध करून शेतीला द्यायचं ठरलं होतं. ते किती शुद्ध असतं ते कालव्याकाठी नाक न धरता उभं राहून सांगा.

आता ऊस. हौस नाही आम्हाला. सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलंय, कांद्याची निर्यात कधी बंद होईल सांगता येत नाही. उसाला २०२४-२५ च्या हंगामात सव्वादहा उताऱ्याला टनाला ३४०० रुपये एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान दर) होती, तोडणी-वाहतूक वजा जाऊन का होईना, कायद्यानं चौदा दिवसांत मिळायची असते. उशीर होतो, पण बुडत नाही. गारपिटीत उभा राहतो, बँक कर्ज देते. दुसऱ्या पिकाला एवढी हमी द्या, मग बोला.

खडकवासल्याच्या साखळीतल्या चार धरणांत मिळून २९ टीएमसी. त्यातलं वीसच्या वर एकटं पुणे उचलतं. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, आम्ही आवर्तनाची (पाणी सुटण्याच्या पाळीची) वाट बघत बसतो, हे पण हिशेबात धरा.

कोथरूडकर

ठिबक का करत नाही मग? २०१७ साली सरकारनं उसाला ठिबकची सक्ती जाहीर केली होती. अनुदानही आहे.

टेलचा बागायतदार

ठिबकला रोज थोडं थोडं पाणी लागतं. कालव्याचं आवर्तन महिना-दीड महिन्यानं येतं. मधल्या दिवसांत नळीत काय सोडायचं? त्यासाठी आधी शेततळं पाहिजे, शेततळ्याला रान मोडावं लागतं, वर प्लास्टिकचा कागद. आणि वीज आठ तास, त्यात रात्रपाळी. ज्याची विहीर चांगली आहे त्यानं ठिबक केलंय, मीही निम्म्या रानात केलंय. घोषणा मुंबईत होते हो, पाणी पाळीनं येतं.

सोलापुरी चादर

दादा, काका, दोघंही जरा खालच्या बाजूला बघा. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड, आणि वेळ मध्यरात्रीची. पाणी आलं की आधी पिण्याचा हंडा, मग स्वयंपाकाची पातेली, मग पिंप, शेवटी गच्चीवरची टाकी. तांदूळ धुतलेलं झाडांना, कपडे खळबळलेलं संडासात. कोथरूडच्या काकांना बचत म्हणजे नाटक वाटतं, आम्हाला त्याशिवाय चौथा दिवस निघत नाही. तेव्हा बचतीची टर उडवू नका.

पण खरा संताप वेगळा आहे. शहराला पाइपलाइननं द्यायचं म्हटलं तर वर्षाला दोन-अडीच टीएमसीत भागेल. त्याऐवजी वर्षानुवर्षं उजनीतून भीमेत पाणी सोडायचं आणि ते शंभरावर किलोमीटर वाहत टाकळी-औजच्या बंधाऱ्यात आणायचं, अशी रीत चालत आली. एकेका वेळेला पाच-सहा टीएमसी सोडत आले. वाटेत जमीन पिते, ऊन पितं, आणि नदीकाठच्या मोटरी पितात. कागदावर ते सगळं ‘पिण्याचं पाणी’! उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनीची चर्चा ऐकत आमची एक पिढी ड्रम भरत आली.

टेलचा बागायतदार

ताई, मोटरीवाले आमचेच भाऊबंद, नाकारत नाही. पाण्याच्या काठावर बसून पीक वाळताना कोण बघेल?

प्रोसेसवाला

कारखान्यांवर अजून कुणी घसरलं नाही म्हणून मीच येतो. चाकण बाजूला नोकरी, त्याआधी साखर कारखान्यात होतो. उद्योगाचा वाटा शेतीच्या मानानं फारच छोटा. बॉयलरला, कूलिंग टॉवरला, धुलाईला पाणी लागतं. टॉवरमधलं बरंचसं वाफ होऊन जातं, बाकीचं फिरवता येतं. गंमत म्हणजे साखर कारखान्याला बाहेरचं पाणी नीट चालवलं तर फार कमी लागतं, कारण उसातच सत्तर टक्के पाणी असतं. रस आटवताना निघणाऱ्या वाफेचं पाणी (कंडेन्सेट) गार करून वापरायचं. कोराडीचं वीजकेंद्र नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून वापरतं. हे होऊ शकतं.

आणि आम्ही प्रत्येक घनमीटर मीटरनं मोजून, शेती आणि घरापेक्षा कितीतरी चढ्या दरानं घेतो. पाणी हाच ज्यांचा कच्चा माल, त्या शीतपेय-बिअरवाल्यांना दर त्याहून जास्त. या धाग्यावर मोजून पैसे देणारा मी एकटाच दिसतोय.

टेलचा बागायतदार

घेता मोजून, सोडता कसं? आमच्या बाजूच्या वसाहतीशेजारी विहिरींना रंग आलाय. वाटा छोटा असेल, पण बादलीभर घाण विहीरभर पाणी नासवते.

प्रोसेसवाला

यावर वाद नाही. रात्री गुपचूप सोडणारे आहेत, आणि त्यांच्यामुळे ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) नीट चालवणारा वेडा ठरतो.

घाटमाथा

सगळे उजनीभोवती फिरताय. याच भीमेच्या खोऱ्यातलं सुमारे ४२ टीएमसी पाणी टाटांच्या धरणांतून सह्याद्रीपलीकडे जातं. खोपोली, भिवपुरी, भिरा इथं वीज करून पुढे कोकणात. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली सत्याग्रह केला, तरी धरण झालंच. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. आता वीज दहा मार्गांनी मिळते, पाणी कुठून आणणार? ते वळवून पूर्वेला सोडा.

प्रोसेसवाला

ते पाणी घाट उतरून थेट समुद्रात पडत नाही. खाली वस्त्या आणि उद्योग त्याच पाण्यावर उभे आहेत. शिवाय संध्याकाळी अचानक मागणी वाढली की जलविद्युत काही मिनिटांत सुरू होते, कोळशाचं तसं नाही. टप्प्याटप्प्यानं, दुष्काळी वर्षापुरतं म्हणा, पटेल.

कोथरूडकर

माझा मुद्दा तिथेच आहे. टीएमसीत बोलायचं सोडून आपण ग्लासात बोलतो. सोलापूरच्या ताईंची बचत नाइलाजाची आहे, तिची टर नाही उडवत. पण तीच बचत धोरण म्हणून विकणाऱ्यांची जरूर उडवीन. बागायतदार, सरळ विचारतो: पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर घेण्याऐवजी मोजून घेतली तर चालेल?

टेलचा बागायतदार

लावा मीटर. आवर्तनाची तारीख पाळा, दिवसा वीज द्या, मोजून घेतो. पण पुण्यात एवढे मीटर बसवलेत म्हणे आणि घरगुती पट्टी अजून मिळकतकरातच जाते. आधी ती मीटरवर घ्या. तुमच्या सोसायटीच्या बैठकीत ठराव करून बघा, आणि काय शिव्या पडल्या ते इथं लिहा.

सोलापुरी चादर

आम्हाला मीटर लावा, बिल लावा, काय पाहिजे ते लावा. फक्त नळाला रोज पाणी येऊ द्या.