करिष्मा थेट १८ करणारी अंगठी: मग सुरुवातीला पॉइंट्स कशाला खर्च केले?

कंदीलवाला

बाल्डर्स गेट २ हा संगणकावरचा भूमिका-खेळ बऱ्याच वर्षांनी पुन्हा लावलाय. मूळ खेळ २००० सालचा. या वेळी पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, घेतला. ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, पॅलाडिनला करिष्मा (लोकांवर छाप पाडण्याचा गुण) किमान १७ लागतोच. पात्र बनवताना फासे पडून जे गुण हाती येतात, त्यातले इतके एकाच रकान्यात गेले की शक्ती आणि काटकपणात काटकसर करावी लागते. मी ती केली आणि मनापासून केली, कारण मला बोलून कामं करणारा योद्धा हवा होता.

पहिल्या कैदेतून बाहेर पडल्या पडल्या वॉकीन्स प्रोमेनेडमध्ये सर्कसचा तंबू लागतो. आत कलाह नावाचा भ्रमजाल करणारा आहे. तो मेला की ‘रिंग ऑफ ह्यूमन इन्फ्लुअन्स’ हाती येते. ती घातली की करिष्मा १८. म्हणजे दोनने किंवा चारने वाढत नाही, सरळ १८ होतो.

माझ्या पॅलाडिनला एक पॉइंट मिळाला. पुढे कॉर्गन नावाचा साथीदार पार्टीत आल्यावर बघू तर खरं म्हणून तीच अंगठी त्याच्या बोटात घातली. तोंड उघडलं की शिवी देणारा हा बुटका एका क्षणात माझ्या पॅलाडिनपेक्षा लोभस झाला! तेव्हापासून डोक्यात घोळतंय. ज्याने किंमत मोजली त्याला सगळ्यात कमी आणि ज्याने काहीच मोजलं नाही त्याला सगळ्यात जास्त, असं का?

माझं ठाम मत आहे की करिष्मा वाढवणारी वस्तू आकड्यात भर घालणारी असावी. आकडा ठरवून देणारी नसावी. तुम्हाला काय वाटतं?

निळी_मशाल

पूर्ण असहमत.

मी हाच खेळ हाफ-ऑर्क हे अर्धराक्षसी पात्र घेऊन खेळले आहे. करिष्मा तळाला ठेवला होता, कारण मला कुऱ्हाड चालवायची होती. पण माणसं तुसडेपणाने बोलतात, दुकानदार चढे भाव लावतो, हे पहिले काही तास सोसावं लागलंच. अंगठी मिळाली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या जगात मलाही दोन शब्द बोलायला जागा आहे. तो आनंद तुमच्या पॅलाडिनला मिळालाच नसता, कारण त्याच्यासमोर दार कधी बंदच नव्हतं.

दुसरं असं की अंगठी फुकट नाही. बोटं दोनच. तिथे संरक्षणाची अंगठी बसू शकली असती. तुम्ही १७ वर सुरू केलंत म्हणून तुमची दोन्ही बोटं मोकळी राहिली. तुमच्या पॉइंट्सचा मोबदला तिथे आहे, फक्त तुम्ही तो मोजला नाहीत.

कंदीलवाला

बोटांचा मुद्दा पटण्यासारखा आहे, पण अर्धाच. दुकानात शिरताना अंगठी घालायची, भाव पाडून घ्यायचा, बाहेर आल्यावर काढून संरक्षणाची चढवायची. खेळ कुठे अडवतो? मग बोट अडलं असं म्हणता येणार नाही. आणि ही अदलाबदल मला खरंच खटकते. माणसाचा स्वभाव खिशातून काढून लावल्यासारखा वाटतो.

दोन_फासे_एक_नशीब

तुम्ही दोघं आकड्याच्या मोठेपणावर भांडताय, पण आधी तो आकडा करतो काय ते पाहू. बाल्डर्स गेट ३ (२०२३) घ्या, कारण तिथे फासा डोळ्यांसमोर पडतो.

तिथे ‘बर्थराइट’ नावाची टोपी आहे. करिष्मा +२, आणि कमाल मर्यादा २२. खेळाच्या तिसऱ्या अंकात (म्हणजे भागात) सॉर्सरस सन्ड्रीज या जादूच्या दुकानात विकत मिळते. लोक तिच्यासाठी जीव टाकतात. आता हिशेब बघा. करिष्म्याचे दोन गुण वाढले की मॉडिफायर, म्हणजे फाशात मिळवायचा आकडा, एकने वाढतो. समजा चेक, म्हणजे फाशाने होणारी परीक्षा, १५ चा आहे आणि तुमचा मॉडिफायर +३. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा जास्त हवेत, शक्यता ४५ टक्के. टोपी घातली की ११ पुरतात, ५० टक्के. पाच टक्क्यांचा फरक!

याउलट ‘ईगल्स स्प्लेंडर’ हा दुसऱ्या पातळीचा साधा मंत्र वापरा. करिष्म्याच्या चेकला अ‍ॅडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा. त्याच १५ च्या चेकला, त्याच +३ वर, शक्यता ४५ वरून जवळजवळ ७० वर जाते. वर ‘गायडन्स’ या मंत्राने एक चार बाजूंचा फासा मिळतो. बार्डला (गाणाऱ्या जादूगाराला) तिसऱ्या पातळीला एक्स्पर्टीज मिळते, प्राविण्याचा बोनस दुप्पट. हे सगळं पहिल्या अंकात, एकही दुर्मिळ वस्तू न शोधता.

टोपी हाती येते तोवर मनधरणीचे कितीतरी मोठे प्रसंग मागे पडलेले असतात. ‘दुर्मिळ’ या शब्दाला आपण भुलतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

निळी_मशाल

हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक. टोपी बोलण्यापुरती नाहीच. वॉरलॉक, सॉर्सरर, बार्ड, पॅलाडिन या पात्रवर्गांची जादूच करिष्म्यावर चालते. मॉडिफायर एकने वाढला की शत्रूला मंत्र चुकवणंही एकने अवघड होतं, मारा लागण्याची शक्यताही वाढते, तीही प्रत्येक लढाईत आणि प्रत्येक फेरीत. पाच टक्के एकदाच मिळाले तर किरकोळ. शंभर वेळा मिळाले तर खेळ बदलतो. आणि मंत्र संपतो, टोपी डोक्यावर राहते.

पडवीतला_बार्ड

एक गोष्ट कोणीच बोललं नाही. टोपी कोणाच्या डोक्यावर आहे?

दुसऱ्या अंकात युर्गिर नावाचा ऑर्थन, म्हणजे नरकातला राक्षस, भेटतो. त्याच्याशी नीट बोललात तर तो आधी आपल्या साथीदारांना मारतो, मग आपल्या लाडक्या प्राण्याला, आणि शेवटी स्वतःला. लढाई जवळपास टळते. मी या प्रसंगाची किती तयारी केली होती! बार्डला सगळ्यात चांगले कपडे, मंत्र लावून तयार, सेव्ह केलेलं. आणि पायऱ्या उतरताना पुढे चालत होती ती माझी बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा. संवाद तिच्याशी सुरू झाला. करिष्मा वाढवणारं सगळं सामान चार पावलं मागे उभं होतं. मी गायडन्स दिला, फासा पडला ६.

त्या रात्री मी रीलोड केलं नाही, लढलो, आणि ती लढाई माझ्या पूर्ण खेळातली सगळ्यात आठवणीतली ठरली. म्हणून मला वाटतं की दुर्मिळ वस्तूचं मोल तिच्या आकड्यापेक्षा ती योग्य वेळी योग्य माणसाजवळ असण्यात आहे. ऑनर मोडमध्ये तर एकच सेव्ह असतो, तिथे हे जास्तच जाणवतं.

जुनी_वही

थोडं मागे जाऊन बघूया. बाल्डर्स गेट ज्याच्या नियमांवर उभा आहे त्या १९७४ च्या पहिल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सपासून करिष्मा सहा मूळ गुणांपैकी एक आहे. आणि त्याचं मुख्य काम काय होतं? तुमच्यामागे किती माणसं येतील आणि ती किती निष्ठेने राहतील, हे ठरवणं. दुकानातली सूट आणि संवादातला चेक यांचं महत्त्व नंतर वाढत गेलं.

या नजरेने पाहिलं तर कंदीलवाला यांचं म्हणणं मला पटतं. अंगठीने आलेली माणसं अंगठी उतरवल्यावर का थांबावीत? पुढच्या नियमावल्यांमध्येही हा भेद दिसतो. तिसऱ्या आवृत्तीत करिष्म्याचा झगा होता, +२, +४, +६ असा भर घालणारा. पाचव्या आवृत्तीच्या खेळसूत्रधाराच्या ग्रंथात शक्ती, बुद्धी आणि काटकपणा थेट १९ करणाऱ्या वस्तू आहेत, पण करिष्म्यासाठी तशी नाही. तिथे आहे एक ग्रंथ आणि एक आयून स्टोन (जादूचा खडा), दोन्ही +२ देणारे. बाल्डर्स गेट ३ मध्येही हातमोज्यांनी चपळाई १८ होते, पट्ट्याने बुद्धी १७ होते, आणि करिष्म्याला मात्र +२ ची टोपी. मला यात समज दिसते. बळ उसनं घेता येतं. लोकांनी तुमच्यावर टाकलेला विश्वास उसना कसा घेणार?

दोन_फासे_एक_नशीब

जुनी_वही, बुद्धी उसनी घेता येते पण करिष्मा नाही, हे मला तर्काला धरून वाटत नाही. ओग्र या राक्षसाच्या डोक्याला पट्टा बांधला की तो पंडितासारखा बोलतो, हे आपण सहज मान्य करतो. मग बुटक्याने अंगठी घालून गोड बोललं तर काय बिघडलं?

धुक्यातली_वाट

मला या अंगठीबद्दल वेगळंच सांगायचंय, आणि ते मला फार जवळचं आहे. सर्कसचा भेद उघड होईल, न खेळलेल्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

अंगठी कोणाकडे सापडते ते पाहा. कलाह हा मुळात एक नोम, म्हणजे ठेंगण्या वंशातला. सर्कशीत खेळ दाखवून पोट भरणारा, ज्याला लोक हसायचे. शेवटी त्याने अख्ख्या तंबूचं एक खोटं राज्य केलं, जिथे त्याला कोणी हसणार नाही. ‘माणसांवर प्रभाव पाडणारी अंगठी’ त्या नोमच्या अंगावर सापडते. ती त्याच्या बोटात होती की पेटीत, ते मला माहीत नाही. पण लूट उचलताना माझा हात थांबला होता. या माणसाला आयुष्यभर जे हवं होतं ते एका अंगठीत होतं, आणि तरी त्याला ते मिळालं नव्हतं. बोलणी करायची सोडून त्याने भ्रम उभा केला.

आणि त्याच तंबूत एरी आहे, पुढे साथीदार होऊ शकणारी मुलगी. भ्रमामुळे तिचं रूप राक्षसिणीचं झालंय. ती तुम्हाला विनवते की मला मारू नका, तलवार आणून द्या, माझी सुटका होईल. तिच्याजवळ ना चेहरा आहे, ना अंगठी. आहेत ते फक्त शब्द. तिथे तुमचा करिष्मा ७ आहे की १८, याने काही फरक पडत नाही, कारण तिथे मन वळतंय ते तुमचं. मी पहिल्यांदा खेळताना तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. धनुष्य ताणलं होतं. मग तिचं वाक्य पुन्हा वाचलं आणि खाली केलं.

म्हणून मला ही अंगठी अन्यायाची वाटत नाही. ती नेमक्या जागी ठेवलेली आहे. तंबूतून बाहेर पडताना तुमच्याजवळ अंगठीही असते आणि एरीही. मी पूर्ण खेळभर एरी सोबत ठेवली, अंगठी पिशवीत राहिली.

पडवीतला_बार्ड

धुक्यातली_वाट, हे वाचून मी तंबू पुन्हा खेळणार आहे. मी तिथे जिनीचं राजकुमार-राजकुमारीच्या वयाचं कोडं सोडवलं आणि बाकी सगळं धावत संपवलं होतं.

अवांतर: बाल्डर्स गेटच्या पहिल्या भागात (१९९८) ‘अल्जर्नन्स क्लोक’ आहे, करिष्मा +२. तो मिळवायचा तर अल्जर्ननच्या अंगावरून चोरायचा किंवा त्याला मारायचं. लोकांना आवडावं म्हणून एका निरपराध माणसाला लुटायचं. मी एकदा केलं, पुढच्या वेळी मन झालं नाही.

निळी_मशाल

मी दर वेळी चोरते. खिसेकापू पात्र असेल तर तो झगा हाच तिच्या कौशल्याचा मोबदला आहे, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

पण कंदीलवाला यांना एक विचारते. स्कायरिम (२०११) या दुसऱ्या खेळाचं काय? तिथे करिष्मा हा गुणच नाही, फक्त बोलण्याचं कौशल्य आहे. चोरांच्या टोळीचा प्रमुख झालात की एक ताईत मिळतो, ‘अ‍ॅम्युलेट ऑफ आर्टिक्युलेशन’. तो गळ्यात असला की मनधरणीचा जवळजवळ प्रत्येक प्रयत्न यशस्वी होतो, कौशल्य कितीही असो. तुमच्या मताप्रमाणे तो सगळ्यात वाईट असायला हवा. पण तो मिळवायला टोळी पुन्हा उभी करावी लागते, शहराशहरांतली कामं करावी लागतात. इतकं करून जो प्रमुख झाला त्याचं लोकांनी ऐकावं, हे मला साहजिक वाटतं.

कंदीलवाला

ताईत मला नकोच आहे, कितीही कष्टाने मिळो. मी टोळीचं काम पूर्ण केलंय. ताईत घातल्यावर संवादात मनधरणीचा पर्याय दिसला की मी वाचायचंच बंद केलं. दाबायचं आणि पुढे जायचं. ‘समोरचा नाही म्हणू शकतो’ ही शक्यता गेली की बोलण्यात उरतं काय? पाच टक्क्यांची टोपी मला म्हणूनच आवडते. ती घालूनही फासा पडताना श्वास रोखला जातो.

निळी_मशाल, तुमच्या हाफ-ऑर्कचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. बंद दार उघडल्याचा आनंद माझ्या पॅलाडिनला ठाऊक नाही, हे खरं. तरी आकडा १८ वर नेऊन ठेवण्याऐवजी अंगठीने +४ दिले असते तर तुमचं दार उघडलंच असतं आणि माझे पॉइंट्सही वाया गेले नसते. या मतावर मी आहे.

काल पुन्हा सेव्ह उघडला. कॉर्गनच्या बोटातून अंगठी काढली. विकायला दुकानात नेली आणि मग विकली नाही, धुक्यातली_वाट यांची पोस्ट आठवली. सध्या ती पिशवीत आहे. पुढच्या गावाच्या भावासाठी घालेन की नाही, ते तिथे पोचल्यावर बघतो.

निळी_मशाल

घाला. +४ ने माझं दार उघडलं नसतं, किलकिलं झालं असतं. माझा आकडा ६ होता.