फोन काढून घेतला तरी

काही जण म्हणतात की फोनचं आणि सोशल मीडियाचं व्यसन एकच, फोन काढून घेतला की दोन्ही सुटतं. मला हे पटत नाही. भाचीचा फोन आम्ही दहावीच्या वर्षी कपाटात ठेवला. आठवड्याभरात ती अभ्यासाच्या लॅपटॉपवर इन्स्टाग्राम उघडू लागली. पावलं वाजली की झटकन स्क्रीन खाली. उलट माझे काका! त्यांचं कुठेच खातं नाही, तरी रात्री दीडपर्यंत अंधारात पत्त्यांचा गेम चालू.

अभ्यासकही दोन्ही वेगवेगळं मोजतात. दक्षिण कोरियात २०१३ साली आलेल्या स्मार्टफोनच्या प्रश्नावलीत मनगट आणि मान दुखण्याबद्दलही विचारलंय. नॉर्वेतल्या बर्गनच्या सोशल मीडियाच्या प्रश्नावलीत सहाच प्रश्न, तेही मनाकडे बघणारे: सतत तोच विचार येतो का, स्वतःच्या अडचणी विसरायला वापरता का, बंदी आली की बेचैन होता का. दोन्हींचे गुण बरेचदा एकत्र वाढतात हे खरं, कारण सोशल मीडिया बहुतेक वेळा फोनवरच पाहिला जातो. पण म्हणून ते एक होत नाहीत.

भाचीला वर्गातल्या मुलींनी ग्रुपमधून काढलं होतं. त्या आपल्याबद्दल काय बोलतात, हे ती सारखी शोधत होती. हे कळायला आम्हाला चार महिने लागले, याचं फार वाईट वाटतं. घरात बोलणं जमत नसेल तर बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून फोन-इंटरनेटच्या व्यसनासाठी ‘शट’ क्लिनिक आहे, तिथे जरूर विचारा.