लकी ड्रॉमध्ये सासूबाईंना गाडी लागली, पण कर भरून घ्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही कराड तालुक्यातल्या एका गावात राहतो. गणपतीच्या दिवसांत सासूबाईंनी शहरातल्या एका दुकानातून फ्रीज घेतला आणि मिळालेलं कूपन स्वतःच्या नावानं भरून पेटीत टाकलं. दिवाळी पाडव्याला सोडत झाली. पहिलं बक्षीस, लहान पेट्रोल गाडी, त्यांना लागलं. आयुष्यभर शेतात राबलेली बाई, आजवर असं काही आपसूक हाती आलेलं नाही. दोन दिवस त्या गावभर पेढे वाटत होत्या.

मग दुकानाचं पत्र आलं. गाडीची किंमत ६,८०,००० रुपये, त्याचे ३० टक्के म्हणजे २,०४,००० रुपये आधी भरा, मगच गाडी ताब्यात. आरटीओ आणि विमा आमच्याकडेच. शोरूमला विचारलं तर ११ टक्के रस्ता कर आणि विम्याचे साधारण ३५ हजार सांगितले. सगळं धरून सव्वातीन लाखांच्या जवळ जातं. घरात अडीच लाखांची एफडी आहे, बाकी काही नाही.

सरळ नको म्हटलं असतं, पण सासऱ्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. एसटीनं नेणं आता जमत नाही. येऊन-जाऊन ४४ किलोमीटर, भाड्याची गाडी एका खेपेला ९०० रुपये घेते. महिन्याला सात-आठ हजार तिथेच जातात. परतीच्या वाटेवर ते अर्धवट ग्लानीत असतात आणि गाडीवाला पुढचं भाडं आहे म्हणून घाई करतो, ते बघवत नाही.

सासूबाईंना शेतीशिवाय उत्पन्न नाही. मग भरलेला कर रिटर्न भरून परत मिळेल का? गाडी घेऊन लगेच विकली तर परवडेल का? आणि नाकारली तर काही अडचण येते का? माहितगारांनी कृपया सांगावं, दुकानानं पंधरा दिवसांची मुदत दिली आहे.

प्रतिसाद १

ताई, करसल्लागाराकडे बारा वर्षं काम करतोय, म्हणून स्पष्ट सांगतो. हा कर परत मिळणार नाही. सोडतीतलं बक्षीस १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ११५ बीबीखाली येतं आणि त्यावर सरसकट ३० टक्के कर आहे. बाकी उत्पन्न शून्य असलं तरी मूळ सूट लागू होत नाही, गुंतवणुकीवरची ८० सीची वजावट नाही, कर कापू नका म्हणून देतात तो १५ एच फॉर्म देऊनही उपयोग नाही. त्या करावर ४ टक्के उपकर असतो, तो टीडीएसमध्ये, म्हणजे बक्षीस देतानाच घेतल्या जाणाऱ्या करात, धरलेला नसतो. म्हणजे एकूण ३१.२ टक्के. उपकराचे सात-आठ हजार रिटर्नच्या वेळी काढावे लागतील, ते आत्ताच बाजूला ठेवा. रिटर्न आयटीआर-२ भरायचं, आयटीआर-१ चालत नाही.

आधी पैसे मागणं मात्र दुकानाची मनमानी नाही. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर भरला गेल्याची खात्री केल्याशिवाय ती द्यायची नाही, असं कलम १९४ बी सांगतं. फक्त रक्कम रोख देऊ नका. कर भरल्याच्या चलनाची प्रत आणि फॉर्म १६ए हे टीडीएसचं प्रमाणपत्र मागा, आणि सासूबाईंच्या पॅनवर २६एएसमध्ये, म्हणजे जमा कराच्या उताऱ्यात, नोंद दिसते का ते तपासा.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसावी. योजना गणपतीत जाहीर झाली, म्हणजे ६,८०,००० ही जुनी किंमत असणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आजच्या बिलाची किंमत विचारा. कर त्यावरच मोजला गेला पाहिजे.

नाकारायची असेल तर लेखी द्या आणि पोच घ्या, म्हणजे पुढे ती रक्कम त्यांच्या पॅनवर दाखवली जाणार नाही. आणि गाडीऐवजी पैसे देता का, हेही विचारून बघा. रक्कम गाडीपेक्षा कमी असली तरी कर त्यातूनच कापला जातो, घरातून काही काढावं लागत नाही.

प्रतिसाद २

मला पाच वर्षांपूर्वी मोटारसायकल लागली होती, किंमत ८५ हजार. कर, पासिंग, विमा मिळून चाळीसच्या आसपास भरले आणि तीन महिन्यांत ५८ हजारांना विकली. एकदा नावावर चढली की कितीही कमी चाललेली असो, ती जुनी गाडी. विकायचीच असेल तर घेऊ नका ताई, धावपळ फार होते आणि हातात थोडंच उरतं. पण तुम्ही तर गाडी वापरणार आहात. खेपेला अडीचशे-तीनशेचं पेट्रोल धरा. वर्षाला १०४ खेपांमागे साठेक हजार वाचतील, त्यातून विमा आणि सर्व्हिसिंगचे वीस काढा. पैसे वसूल व्हायला सात-आठ वर्षं लागतील. तरी मी तुमच्या जागी असतो तर घेतली असती. रात्री-अपरात्री त्रास झाला तर गाडी दारात आहे, हे मोठं आहे. गाडी कोण चालवणार, एवढं आधी ठरवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. जीएसटीचं खरंच डोक्यात नव्हतं. काल मिस्टर आणि मी दुकानात जाऊन आलो. आजचं बिल ६,२२,००० चं होतंय आणि कर त्यावरच घ्यायला ते तयार झाले, म्हणजे १,८६,६००. रस्ता करही ६८,४२० वर आला. विमा आणि उपकर धरून तीन लाखांच्या आत बसतंय. पैसे देता का विचारलं, त्याला नाही म्हणाले.

गाडी घ्यायची ठरलं. एफडी मोडतोय, वरचे पन्नास हजार धाकटे दीर देणार आहेत. मिस्टरांना चालवता येते, मी पुढच्या आठवड्यापासून क्लास लावतेय.

आता एकच अडचण. कूपनावर सासूबाईंनी घरात हाक मारतात ते नाव लिहिलंय, पॅन आणि आधारवर वेगळं आहे. दुकान प्रतिज्ञापत्र मागतंय. नोटरीकडचं चालतं, की तहसील कार्यालयातूनच करावं लागतं? कुणाला अनुभव असेल तर सांगा, मुदतीचे सहा दिवस उरलेत.