अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार नक्की कोण निवडते?

प्रश्न : कॉलेजरोडकर

नमस्कार. नाशिकला कॉलेज रोडवर स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे आमचे छोटे अभ्यासमंडळ आहे. निरनिराळ्या देशांच्या राज्यव्यवस्था अभ्यासताना आम्ही असे ठरवले की, प्रत्येकाने आपण २०२४ मध्ये अमेरिकेचे मतदार आहोत असे समजून राष्ट्राध्यक्षपदासाठी एक उमेदवार निवडावा आणि त्यामागची कारणे लिहून आणावीत. बहुतेकांनी एच-वन-बी व्हिसा आणि भारताविषयीचे धोरण या दोनच कसोट्या लावल्या, आणि त्यावर बोलता बोलता वाद उमेदवारांवरून थेट निवडणूक पद्धतीवर गेला. एका मुलीने विचारले की, देशभरात अधिक मते मिळवूनही अल गोर २००० मध्ये आणि हिलरी क्लिंटन २०१६ मध्ये हरत असतील, तर मतदाराने इतका खल करून उमेदवार निवडण्यात अर्थ काय? त्यावर दुसऱ्याने उत्तर दिले की, आपल्याकडे तरी पंतप्रधानांना थेट मत कोण देते, आणि मतांत मागे राहिलेला पक्ष जागांत पुढे गेल्याचे आपणही पाहिले आहेच.

मला विचारायचे आहे ते असे : मतदारांनी राज्याराज्यांतून निर्वाचक निवडायचे आणि त्यांनी राष्ट्राध्यक्ष निवडायचा, ही निर्वाचक मंडळाची पद्धत एवढी टीका होऊनही टिकली कशी, आणि उमेदवार पारखताना मतदाराने तिचा विचार करावा का? दोन्ही बाजूंना निर्वाचकांची सारखीच २६९ मते पडली तर पुढे काय होते, हेही कोणी नीट सांगितल्यास बरे होईल. ट्रम्प चांगले की वाईट हा वाद कृपया येथे नको.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, गंगापूर रोड

आपल्या विद्यार्थिनीची शंका रास्त आहे, मात्र तीत दोन निराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. निर्वाचक मंडळात ५३८ जण असतात. तेथील संसदेच्या दोन सभागृहांतील, म्हणजे प्रतिनिधिगृहाच्या ४३५ आणि सिनेटच्या १०० जागांइतकी मते राज्यांना मिळतात आणि १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीमुळे राजधानी वॉशिंग्टनला ३ मिळतात. जिंकण्यासाठी २७० लागतात. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याच्या दोन जागा असल्याने राज्य कितीही लहान असले तरी त्याला किमान ३ मते मिळतातच. त्यामुळे वायोमिंगमध्ये एका निर्वाचकामागे दोन लाखांहून कमी लोक येतात, तर ५४ निर्वाचकांच्या कॅलिफोर्नियात हीच संख्या सात लाखांच्या पुढे जाते. लहान राज्यांना झुकते माप देणारी ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की, बहुतेक सर्व राज्यांत एका मताने जरी पुढे असलेला उमेदवार त्या राज्याची सगळी निर्वाचक मते घेऊन जातो.

या दोहोंपैकी निकाल कशाने फिरला, हे विद्यार्थ्यांना गणित मांडून पाहता येईल. प्रत्येक राज्याच्या आणि राजधानीच्याही मतांतून दोन मते वजा करावीत. २०१६ मध्ये ट्रम्प आणि क्लिंटन यांनी जिंकलेल्या राज्यांवर हे गणित केले तरी ट्रम्प २४६ विरुद्ध १९० असे जिंकतात, म्हणजे त्या वर्षी लहान राज्यांच्या झुकत्या मापाला दोष देता येत नाही. २००० मध्ये मात्र हेच केल्यास बुश यांची २११ आणि गोर यांची २२५ मते होतात. तेव्हा फ्लोरिडातील अवघ्या ५३७ मतांच्या फरकाची चर्चा जगभर झाली, पण बुश यांच्या वाट्याला गोर यांच्यापेक्षा दहा राज्ये अधिक आली होती, याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

राज्याची सगळी मते एकालाच देण्याचा नियम अमेरिकेच्या घटनेत नाही. निर्वाचक कसे नेमायचे हे घटनेने राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवले आहे आणि मेन व नेब्रास्का ही दोन राज्ये काही मते मतदारसंघवार वाटतात. इतर राज्ये तसे करत नाहीत, कारण ज्या पक्षाची राज्यात सत्ता असते तो स्वतःच्या हक्काच्या मतांत विरोधकाला वाटा कशाला देईल? घटनाच बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत आणि ३८ राज्यांची संमती लागते. १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने थेट निवडणुकीची दुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली होती. पुढच्या वर्षी ती सिनेटमध्ये लांबलचक भाषणांच्या अडवणुकीत अडकली आणि तेथेच संपली. अलीकडे काही राज्यांनी आपापसांत करार केला आहे की, देशभरात पुढे असलेल्या उमेदवारालाच आपली निर्वाचक मते द्यायची. त्या राज्यांची मिळून दोनशेहून अधिक मते झाली आहेत, पण २७० चा टप्पा गाठेपर्यंत करार अमलात येत नाही.

तुलना करायचीच तर आपल्या पंतप्रधानांशी न करता राष्ट्रपतींच्या निवडणुकीशी करावी. तेथे आमदाराच्या मताचे मूल्य १९७१ च्या जनगणनेवरून ठरते. महाराष्ट्रात ते १७५ आहे, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याच्या पंधरा आमदारांचे मिळून २,६२५. लहान राज्याला वाढीव वजन नाही. गंमत अशी की, आपल्याकडे या निवडणुकीत पक्षाला व्हीप काढता येत नाही, म्हणून २००७ मध्ये भाजपच्या आघाडीत असूनही शिवसेनेने प्रतिभाताई पाटील यांना मते दिली, आणि कोणी अपात्र ठरले नाही. अमेरिकेत मात्र निर्वाचकाने ठरलेल्या उमेदवाराला मत देण्याचा शब्द फिरवला तर राज्य त्याला शिक्षा करू शकते, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे.

उत्तर : पंचवटीकर

सरांनी निर्वाचक मंडळ उत्तम समजावून सांगितले, तरीही मला वाटते की सगळी चर्चा नोव्हेंबरवर येऊन अडकते आणि खरी निवड त्याआधी होते तिकडे दुर्लक्ष होते. आपल्याकडे निवडणूक जवळ आली की इच्छुक मुंबईच्या वाऱ्या करतात, मुलाखती देतात, आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजण्यापूर्वी ज्याच्या हाती एबी फॉर्म पडतो तो उमेदवार. तो कोणाला द्यायचा हे पक्षश्रेष्ठी ठरवतात, मतदार नव्हे. अमेरिकेत हा एबी फॉर्म प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी आधी होणाऱ्या मतदानात, मतदारांच्या हाती आहे. पक्षाच्या नेतृत्वाला एखादा माणूस कितीही नकोसा वाटला तरी प्रायमरी जिंकल्यावर त्याचे तिकीट कापता येत नाही, आणि या दृष्टीने जगातल्या फार थोड्या देशांत पक्ष इतके हतबल असतील.

हे नेहमीच असे नव्हते. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली. शहरातल्या रस्त्यांवर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांवर पोलिसांचा लाठीमार चालू होता. हम्फ्री निवडणूक हरले, आणि मग पक्षाने समिती नेमून असे नियम केले की अधिवेशनात उमेदवार ठरवणारे पक्षाचे प्रतिनिधी मतदारांच्या कौलानेच यावेत. १९७२ पासून दोन्ही पक्षांत प्रायमरीचे महत्त्व वाढत गेले ते या नियमांमुळे.

त्याचे परिणाम दोन्ही बाजूंनी पाहावेत. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स हे डेमोक्रॅटिक पक्षाचे सदस्य म्हणून निवडून आलेले नसताना, अपक्ष सिनेटर असताना, त्या पक्षाच्या उमेदवारीसाठी शेवटपर्यंत लढले. आपल्याकडे एवढ्या अवधीत निष्ठावंतांनी पक्ष कार्यालयापुढे उपोषण मांडले असते. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षात सतरा प्रमुख इच्छुक होते. साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना साधारण ३२ टक्के मते मिळाली, पण नियमानुसार तेथील सर्वच्या सर्व ५० प्रतिनिधी त्यांना मिळाले. उरलेल्या ६८ टक्क्यांची मतविभागणी झाली, एवढाच त्याचा अर्थ. डेमोक्रॅटिक पक्ष प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटतो आणि त्यासाठी १५ टक्के मतांची अट घालतो, त्यामुळे त्यांच्याकडे हाच निकाल वेगळा दिसला असता. म्हणजे अधिक मते मिळवणारा हरतो ही तक्रार करणाऱ्याने, एक तृतीयांश मते मिळवणारा उमेदवारीच्या शर्यतीत सगळे काही घेऊन जातो, यावरही बोलले पाहिजे.

उत्तर : नाशिकरोडवासी

पंचवटीकरांचे म्हणणे मला निम्मेच पटते. माझा भाचा पिट्सबर्गला असतो आणि तेथील नागरिक आहे. पेनसिल्व्हेनियाच्या १९ मतांसाठी २०२४ मध्ये दोन्ही पक्षांनी जिवाचे रान केले. पण याच राज्यातील प्रायमरी २३ एप्रिलला होती, आणि बायडेन व ट्रम्प या दोघांनीही उमेदवारीसाठी लागणारे प्रतिनिधी १२ मार्चलाच मिळवलेले होते. निकी हेली तर मार्चच्या पहिल्या आठवड्यातच शर्यतीतून बाहेर पडल्या होत्या, तरीही त्यांचे नाव मतपत्रिकेवर राहिले आणि त्यांना दीड लाखांहून अधिक मते पडली. ही मते नाराजीची होती, त्यांनी निवड बदलणार नव्हती. शिवाय पेनसिल्व्हेनियात त्या त्या पक्षाकडे नाव नोंदवलेल्यालाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते. भाच्याने कोणत्याच पक्षाकडे नाव नोंदवलेले नव्हते, म्हणून पक्षाच्या मतपत्रिकेवर त्याला स्थानच नव्हते. मग एबी फॉर्म मतदारांच्या हाती असतो असे सरसकट कसे म्हणावे? तो आयोवा, न्यू हॅम्पशायर, साउथ कॅरोलायना अशा आधी मतदान करणाऱ्या राज्यांच्या हाती असतो.

आणि २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतल्यावर कमला हॅरिस यांना जी उमेदवारी मिळाली, ती प्रतिनिधींनी ऑनलाइन मतदानाने दिली. राष्ट्राध्यक्षपदासाठी म्हणून हॅरिस यांच्या नावाने प्रायमरीत कोणी मत दिले नव्हते.

उत्तर : पंचवटीकर

आधीच्या राज्यांविषयीचा आपला मुद्दा मान्य आहे. हॅरिस यांच्या बाबतीत मात्र एवढे लक्षात घ्यावे की, ते प्रतिनिधी बायडेन यांच्या नावावर प्रायमरीतूनच निवडून आलेले होते आणि उमेदवार स्वतःच बाजूला झाल्यावर त्यांना निर्णय घेण्याची मोकळीक होती. शंभर दिवसांवर निवडणूक आलेली असताना नव्याने पन्नास राज्यांत प्रायमरी घेणे कोणालाच शक्य नव्हते.

उत्तर : वकील, इंदिरानगर

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे उमेदवार कशावरून पारखावा, तो बाजूलाच राहिला आहे. विद्यार्थ्यांनी व्हिसाची कसोटी लावली यात नवल नाही, नाशिकच्या कितीतरी घरांत अमेरिकेची निवडणूक याच एका प्रश्नावर पाहिली जाते. पण एच-वन-बी व्हिसाची वार्षिक ६५ हजारांची मर्यादा आणि तेथे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठीचे आणखी २० हजार, हे काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, कायद्याने ठरलेले आहे. राष्ट्राध्यक्ष एकट्याने ते आकडे वाढवू शकत नाही. त्याच्या हाती अंमलबजावणी असते, आणि तेवढ्यानेही किती फरक पडतो हे सप्टेंबर २०२५ मध्ये एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली तेव्हा सर्वांनी पाहिले. तेव्हा उमेदवाराचे आश्वासन वाचताना, हे काम राष्ट्राध्यक्षाच्या सहीने होणारे आहे की काँग्रेसच्या मंजुरीने, असे आधी विचारायला शिकवावे.

माझ्या मते सर्वांत मोठी कसोटी न्यायाधीशांची आहे. तेथे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश तहहयात असतात, त्यांची निवड राष्ट्राध्यक्ष करतो आणि सिनेट संमती देते. ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीत तीन न्यायाधीश नेमले आणि २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणाऱ्या निकालात ते तिघेही बहुमताच्या बाजूने होते. चार वर्षांसाठी दिलेल्या मताचा परिणाम तीस वर्षे टिकतो. अमेरिकेत अनेक मतदार उमेदवाराचे वागणे आवडत नसतानाही त्याला मत देतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत ते जवळजवळ येतच नाही.

काँग्रेसचे महत्त्व मुलांना पटवायचे असेल तर गावचेच उदाहरण घ्यावे. आपल्या राज्यात थेट सरपंच निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनेलचे अशा ग्रामपंचायतींत ठराव कसे अडतात, हे निफाड-सिन्नरकडच्या मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही. २०१८-१९ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारचा बराचसा कारभार ३५ दिवस बंद होता, तो अशाच ओढाताणीतून.

प्रतिप्रश्न : कॉलेजरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या बैठकीत मुलांना आधी प्रायमरी आणि मग मुख्य निवडणूक अशा दोन फेऱ्यांत मतदान करायला लावेन, म्हणजे पंचवटीकर आणि नाशिकरोडवासी या दोघांच्याही मुद्द्यांची पारख होईल. बरोबरीचा प्रश्न तेवढा उरला आहे.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, गंगापूर रोड

कोणालाच २७० मते मिळाली नाहीत तर बाराव्या घटनादुरुस्तीनुसार निवड नव्याने आलेल्या प्रतिनिधिगृहाकडे जाते, पण तेथे सदस्यांची डोकी मोजली जात नाहीत. प्रत्येक राज्याच्या सर्व प्रतिनिधींचे मिळून एकच मत असते आणि विजयासाठी २६ राज्ये लागतात. वायोमिंगचा एकमेव प्रतिनिधी आणि कॅलिफोर्नियाचे बावन्न यांचे वजन त्या दिवशी सारखे होते. राजधानी वॉशिंग्टनला येथे मत नाही. उपराष्ट्राध्यक्ष सिनेट निवडते, त्यामुळे दोन पदांवर दोन पक्षांची माणसे येणेही शक्य आहे. २० जानेवारीपर्यंत प्रतिनिधिगृहाचा निर्णय झाला नाही, तर निवडून आलेला उपराष्ट्राध्यक्ष काम पाहतो.

असा प्रसंग १८२४ च्या निवडणुकीत आला होता. अँड्र्यू जॅक्सन यांना ९९ आणि जॉन क्विन्सी ॲडम्स यांना ८४ निर्वाचक मते होती, बहुमत कोणालाच नव्हते. चौथ्या क्रमांकावरच्या हेन्री क्ले यांनी आपले वजन ॲडम्स यांच्या पारड्यात टाकले, ॲडम्स राष्ट्राध्यक्ष झाले आणि क्ले परराष्ट्रमंत्री. जॅक्सन यांच्या समर्थकांनी त्यावर चार वर्षे रान उठवले आणि १८२८ मध्ये जॅक्सन निवडून आले.

२०२४ मध्येही ही शक्यता कागदावर अगदी जवळ होती. हॅरिस यांनी प्रत्यक्षात जिंकलेल्या २२६ मतांत पेनसिल्व्हेनियाची १९, मिशिगनची १५ आणि विस्कॉन्सिनची १० मिळवली की बरोबर २७० होतात, आणि त्यातले एक मत नेब्रास्कातल्या ओमाहा शहराच्या मतदारसंघाचे आहे. ते गेले असते तर २६९. म्हणूनच त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत, मतदान तोंडावर आलेले असताना, नेब्रास्काचा मतदारसंघवार वाटपाचा कायदा बदलण्यासाठी रिपब्लिकन नेत्यांनी आपल्याच पक्षाच्या तेथील आमदारांवर बराच दबाव आणला. त्यांच्यापैकी पुरेसे सदस्य तयार झाले नाहीत आणि कायदा होता तसाच राहिला.