नूतनीकरणानंतर आईचे इन्सुलिन पेन यादीबाहेर

प्रश्न (इंदूर): आईच्या आरोग्यविम्याचे नूतनीकरण करताना कंपनीने बाह्यरुग्ण औषधांच्या यादीतून इन्सुलिनचे पेन वगळून केवळ कुपी ठेवली आहे. तिचे हात थरथरतात. सिरिंजने मात्रा मोजणे तिला कसे जमावे?

पहिले उत्तर: पेन का आवश्यक आहे, हे डॉक्टरांकडून लेखी घेऊन कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. तोवर कुपी वापरावीच लागली, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि लेबल अवश्य वाचा, कारण आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा प्रतिमिली 40 युनिटचे, तर पेनातील 100 युनिटचे असते, आणि सिरिंज त्याच मापाची नसल्यास चुकलेली मात्रा जिवावर बेतू शकते.

दुसरे उत्तर: महिनाभरात समाधान न झाल्यास भोपाळच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते.