दारातल्या चपला-छत्र्यांसाठी जुन्या सागवानाचं काहीतरी करायचंय, मदत हवी आहे

परळकर: दारात पाय ठेवायला जागा नाही, चपला, छत्र्या, हेल्मेट, मुलीचा रेनकोट, पावसात सगळं ओलं आणि वर तो वास. बाहेरच्या देशात मडरूम का काय असते, दाराशी ओल्या चपला-कोट काढून ठेवायची जागा, तसं हवंय. चाळ पाडली तेव्हा आमच्या खोलीचं सागवानी दार आणि खिडकीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या दोन झडपा उचलून आणल्यात, दारावर २३ नंबरचा पत्रा अजून आहे. सुतार म्हणतो भंगारात द्या, प्लाय टाकू. मला द्यायचं नाहीये. लवकर सांगा, जून आलाच.

मीनाताई: दाराच्या आत की बाहेर? जागा किती? फोटो टाका.

ओशिवरा_फॅन: जोगेश्वरीला ओशिवरा फर्निचर मार्केट गाठा, जुन्या सागवानाचं रॅक तयार मिळतं, घासाघीस मात्र करा.

मीनाताई: अहो लाकूड आहे त्यांच्याकडे!

परळकर: बाहेर, पॅसेजमधे. साडेतीन फूट.

सेक्रेटरी_वैतागलेला: मग विसरा. पॅसेज म्हणजे पळायची वाट, २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे, नोटीस आली की शिव्या आम्ही खातो.

ओशिवरा_फॅन: आमच्या मजल्यावर सगळ्यांचीच रॅकं आहेत, कोण विचारतं?

सेक्रेटरी_वैतागलेला: धूर झाला की विचारतील.

रंधा: आतच करा. दार कापून बसायला बाक, नंबरचा पत्रा समोर येऊ द्या. झडपा फेकल्या तर पाप लागेल, पट्ट्यांतून वारा खेळतो, त्याच बाकाखालच्या कपाटाला दारं म्हणून लावा, चपला कुबट होणार नाहीत. तळाला कडप्पा, लाकूड फरशीला टेकवू नका. आधी खिळे उपटा नाहीतर रंध्याचं पातं गेलं. भोकं असतील तर दार आपटून बघा, ताजी भुकटी पडली की किडा अजून आत आहे. आणि जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, शिसं असतं, रंगात शिशाला ९० पीपीएमची (दहा लाखात ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासूनची. पाणी मारून वॉटरपेपरने घासा, मुलीला लांब ठेवा.

वास्तुमित्र: ईशान्येला चपला नकोत.

मीनाताई: दिशा कोणी विचारली?

वास्तुमित्र: सांगायचं काम केलं.

परळकर: रंधा, बाक पटला. पण आत दोनच फूट आहे आणि तिथेच एमसीबीचा, म्हणजे विजेच्या मेन बटणांचा, बॉक्स आहे, सांगायचं राहिलं.

रंधा: किती उंचीवर??

मीनाताई: फोटो.